मागचा कळप आणि दीड फूट

५ जानेवारी, रविवार

निवृत्त होऊन छत्तीस दिवस झाले आणि आज हाताला पहिल्यांदा काम मिळालं. स्वयंपाकघराची मोजणी केली.

पस्तीस वर्षं सरकारी मोजणीदार होतो. तासगावपासून जतपर्यंत लोकांचे बांध मोजले, पण कवठे महांकाळच्या या आमच्या घराचा एक धड नकाशा नाही. माया दळण आणायला गेली होती म्हणून काम निर्वेध झालं. ओटा सात फूट चार इंच. फडताळ तीन फूट बाय सहा. डबे एक्केचाळीस. डब्यांना काही क्रमच नव्हता. रव्याच्या डब्यात साबुदाणा आणि साबुदाण्याच्या डब्यात बटणं! सगळ्यांना क्रमांक दिले, चिठ्ठ्या चिकटवल्या, ओळीने लावले आणि कच्चा नकाशा दारामागे टाचला.

माया आली ती पिठाची पिशवी हातात तशीच धरून नकाशासमोर बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "हळद कुठं गेली?"

"सतरा नंबर."

"बरं," म्हणाली. बाकी काही नाही. नीटनेटकेपणाची तिला कदर आहे.

१२ जानेवारी, रविवार

ऋचा दोन दिवसांसाठी आली होती. आमची एकुलती एक मुलगी, लोणंदला एका कारखान्यात इंजिनिअर आहे. तिचे जपानी साहेब मायदेशी परत गेले आणि जाताना तिला एक लाकडी पट देऊन गेले. एकोणीस रेघा आडव्या, एकोणीस उभ्या. खेळाचं नाव गो. नावावरचे गाईचे विनोद शेजारपाजाऱ्यांनी पहिल्याच दिवशी करून संपवले, ते इथं लिहीत नाही.

खेळ असा. एक गडी काळा, एक पांढरा. रेघा जिथं एकमेकींना छेदतात तिथं आळीपाळीने एकेक सोंगटी ठेवायची. ठेवली की ती हलत नाही. सगळ्या बाजूंनी कोंडली गेली की मेली, उचलायची. शेवटी ज्याने जास्त मोकळी जागा वेढली तो जिंकला. हा तर शुद्ध मोजणीचा खेळ! इतकी वर्षं आमच्या खात्याला कुणी कळवलं कसं नाही?

सोंगट्या साहेबांच्या आजोबांच्या होत्या, त्या ते घेऊन गेले. मी तासगावचे बेदाणे काढले, एक किलो काळे आणि एक किलो पिवळे. मेलेली सोंगटी मारणाऱ्याने खाऊन टाकायची, असा पोटनियम केला. ऋचाकडून चार डाव हरलो, पण खाणं बरं झालं.

जाताना ऋचा पट माझ्याकडेच ठेवून गेली आणि तिच्या गाडीतून माया लोणंदला गेली. चार दिवसांत येते म्हणाली. शिलाई मशीनही नेलं. ऋचाच्या पडद्यांना टीप मारायची आहे.

१८ जानेवारी, शनिवार

माया आली. आल्या आल्या माझी साखर तपासली, दोनशे एकतीस. "काय खाताय तुम्ही?"

"जिंकतोय," मी म्हटलं.

खरं म्हणजे दोन्ही बाजूंनी मीच खेळत होतो, त्यामुळे जिंकणं चुकत नव्हतं. पण आता प्रतिस्पर्धी मिळाला. वाईच्या मधुला सहज फोन केला. मधु खात्यातला माझा जुना सहकारी. तो म्हणाला, मी वर्षभर कॉम्प्युटरवर 'गो'च खेळतोय. आणि लगेच जुनं मढं उकरलं. अठ्ठ्याण्णव साली तासगावात एका द्राक्षबागेचा बांध आम्ही दोघांनी वेगवेगळा मोजला होता. फरक आला दीड फूट. तो म्हणतो मी चुकलो, मी म्हणतो तो चुकला. बागेचा मालक वारला, बागेत आता पेट्रोल पंप आहे, पण तो दीड फूट आमच्या दोघांच्या मध्ये अजून पडून आहे.

ठरलं. १६ मार्चला, रविवारी, साताऱ्यात एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत समोरासमोर एक डाव. हरेल त्याने लिहून द्यायचं, "दीड फूट माझंच चुकलं."

मायाला उत्साहाने सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अहो, मला तुमच्याशी जरा बोलायचं होतं." मी म्हटलं, सोळा मार्चनंतर निवांत बोलू.

२४ जानेवारी, शुक्रवार

फोनवर मधुशी सरावाचा डाव, चाल बोलायची आणि दोघांनी आपापल्या पटावर मांडायची. माझी पद्धत सरळ आहे, आधी आपली हद्द पक्की करायची. कोपऱ्यात असं कुंपण घातलं की मुंगी आत येणार नाही. तेवढ्या वेळात मधुने बाकीचा सगळा पट घेतला. माझ्या पदरात अकरा घरं आली. "अवधूत, तू रान राखायला बसलास की संडासात?" असं विचारलं त्याने. वाईचं पाणी गोड असेल, माणसांच्या जिभेवर त्याचा परिणाम दिसत नाही.

२९ जानेवारी, बुधवार

माया पुन्हा लोणंदला. ऋचाला अशक्तपणा आलाय, त्यावर काळे बेदाणे चांगले, म्हणून सगळे काळे बेदाणे घेऊन गेली. मोठा कुकर, परात आणि पोळपाटही नेलं. ऋचाकडे पोळपाट नाही म्हणे. तीस वर्षांची मुलगी आणि पोळपाट नाही, काय म्हणावं!

आता काळ्या सोंगट्या कुठून आणायच्या, हा मोठा प्रश्न आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

प्रश्न सुटला.

घरामागच्या वीस गुंठ्यांतली ज्वारी निघाली, म्हणून कोंडीबाला मेंढरं बसवायला सांगितलं होतं. दोन-चार रात्री कळप रानात बसला की रान खतावतं. कोंडीबाचे पोरगे मोठा कळप घेऊन कृष्णाकाठी उतरलेत. हा गुडघ्यापायी मागे राहिला, पन्नास मेंढरं आणि बायको धोंडुबाई यांच्यासह. संध्याकाळी पडवीत पट मांडून बसलो होतो, काळ्यांच्या जागी अख्खे उडीद ठेवून. ते सारखे घरंगळत होते. कोंडीबा काठीवर हनुवटी टेकून बघत उभा राहिला.

"सायेब, ही पिवळी मेंढरं तुमची?"

"हो."

"मग कोपऱ्यात दाटीवाटीनं का हुबी हायती? गारा पडाय लागल्यात व्हय?"

"सुरक्षित आहेत."

"सुरक्षित हायती, पर उपाशी हायती की. वाडग्यात कोंडल्यावं लांडगा खाईत न्हाई, खरं हाय. पर मेंढरू बी काय खाईत न्हाई."

मग तो गेला आणि टोपीभर वाळलेल्या लेंड्या घेऊन आला. लहान, काळ्याभोर, एका मापाच्या. पटावर जागच्या हलत नाहीत. वास नाही म्हटलं तरी चालेल. पाच मिनिटांत त्याला नियम समजले आणि पुढच्या तासात त्याने मला दोनदा हरवलं. घरं त्याला मोजता येत नाहीत. तो नुसता बघतो, कुणाचं जित्राब कुठं अडकलंय.

मी गुपित विचारलं. तो म्हणाला, "दुसऱ्याच्या रानात मेंढरं घालायची आसली तर आदी दोन गोष्टी बगायच्या. आत बसाय जागा हाय का. आन् आपला मागं ऱ्हायलेला कळप कुणाच्या भरवशावं हाय."

पहिली गोष्ट लिहून घेतली.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज डाव रंगात असताना सवयीने एक चूक झाली. पोटनियम तात्काळ रद्द केला आहे. अधिक लिहीत नाही.

धोंडुबाईने लिंबू आणून दिलं. कोंडीबा अजून हसतोय, पडवीतून ऐकू येतंय.

८ फेब्रुवारी, शनिवार

माया आली. घर बघून म्हणाली, "पडवीत लेंड्या कशा?" मी म्हटलं, सोंगट्या आहेत. ती खुर्चीवर बसली. दमली असावी. एसटीचा प्रवास.

संध्याकाळी मधुशी डाव चालू होता. आता मी शिरायला शिकलोय. मधुच्या राज्यात एक पिवळा बेदाणा अलगद टाकला आणि श्वास रोखून बसलो. तेवढ्यात माया आली. "अहो, ऐकता का? मी थोडे दिवस तिकडंच राहिले तर चालेल का?"

"हं," मी म्हटलं. मधुने नेमक्या त्याच क्षणी माझ्या बेदाण्याच्या डोक्यावर चाल केली होती.

"किती दिवस ते विचारणार नाही?"

"थांब, शिरतोय."

"बरं," म्हणाली.

तो बेदाणा जगला! सात घरं मिळाली. डाव शेवटी हरलो, पण आता मला रस्ता सापडला आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार

माया गेली. या वेळी ट्रंक होती. रिक्षावाल्याला उचलवेना म्हणून मी हात लावला. आत डबे वाजत होते. लोणंदला डबे मिळत नाहीत की काय?

२० फेब्रुवारी, गुरुवार

शिरण्याचं तंत्र मला इतकं जमलं आहे की आता थांबता येत नाही. मधु कुठंही हद्द आखो, मी तिथं जातो. आज एका डावात सहा ठिकाणी शिरलो. सहापैकी पाच ठिकाणी मेलो आणि त्या नादात माझा स्वतःचा मोठा गट, चौतीस बेदाण्यांचा, पटाच्या मधोमध कोंडून मेला. गुडघा बरा होईपर्यंत कळप आमच्याच रानात ठेवलेला कोंडीबा शेजारी बसून बघत होता. तो मधूनमधून म्हणत होता, "सायेब, मागचा कळप." मी म्हणत होतो, "तो आहे रे तिथंच, तो कुठं जातोय."

"त्यो तितंच हाय. पर त्येला डोळं न्हाईत."

डोळे म्हणजे गटाच्या पोटातली मोकळी घरं. एक डोळा असेल तर गडी शेवटी बाहेरून आवळत आणतो आणि त्या घरात सोंगटी कोंबून मारतो. वेगवेगळे दोन असतील तर त्या गटाला कुणी हात लावू शकत नाही, दोन्ही एकदम बुजवता येत नाहीत ना! माझ्या चौतीस बेदाण्यांना एकच डोळा होता. मी त्यांना खुशाल गृहीत धरलं होतं.

मायाचा फोन आला होता. खुशीत होती. म्हणाली, "आज बारा डबे झाले." मी म्हटलं, "क्रमांक घातलेस का?" फोन कट झाला. लोणंदला रेंजची बोंब आहे.

५ मार्च, बुधवार

मधुला पहिल्यांदा हरवलं! तो फोनवर म्हणाला, "तुला कुणीतरी शिकवतंय."

"माझे प्रशिक्षक इथलेच आहेत," मी म्हटलं. प्रशिक्षक तेव्हा मेंढीच्या खुरातला काटा काढत होते.

आता घडी बसली आहे. शिरण्याआधी एक चाल मागे खेळायची, आपला गट जोडून घ्यायचा. दिसायला ती चाल आळशी दिसते, पण तीच पुढची लढाई जिंकून देते. आयुष्यात हे कुणी आधी सांगितलं असतं तर मी आज कुठल्या कुठं असतो.

धोंडुबाई पाण्याला आली होती. "आवं सायेब, बाई कवा येनार?"

"येईल की चार दिवसांत."

"तुमचं चार दिस लय लांबलं," म्हणाली. तिला हिशेब कुठला कळायला.

१३ मार्च, गुरुवार. होळी

घरात चोरी झाली!

पुरणपोळी नाही तर निदान गुळाचा चहा करावा म्हणून स्वयंपाकघरात गेलो. नकाशाप्रमाणे गूळ तेवीस नंबर. तेवीस नाही. बावीसही नाही. चोवीस ते एकतीस सगळी ओळच नाही. महिनाभर मी कोंडीबाकडून आलेली भाकरी आणि दूध यांवर काढलं, त्यामुळे इकडं लक्ष गेलं नव्हतं. लगेच टेप काढून फेरमोजणी केली. एक्केचाळीसपैकी जागेवर नऊ. खलबत्ता नाही. किसणी नाही. बारीक चाळण नाही. खिडकीतलं कढीपत्त्याचं रोप कुंडीसकट नाही.

पंचनाम्यासाठी कोंडीबा आणि धोंडुबाईला बोलावलं. गेलेल्या डब्यांवर नकाशात लाल गोल केले होते, ते दाखवले. "चोर माहितगार आहे," मी म्हटलं. "तीन-चार खेपांत नेलंय. आणि सराईत आहे, कारण मौल्यवान वस्तूंना हात लावलेला नाही. टेप, दुर्बीण, माझी सगळी पुस्तकं जागच्या जागी."

कोंडीबा टोपी काढून तिच्यात बघत राहिला. धोंडुबाईने पदर खोचला.

"चोर न्हाई, सायेब. बाई गेली."

"कुठं?"

"ल्येकीकडं. दोन म्हैने झालं, एक-एक डबा करून गेली. सगळ्या आळीला ठावं हाय."

"तिने मला सांगितलं असतं."

"सांगितलं की. म्याच ऐकलं. पान्याला आल्ते तवा. तुमी म्हनलासा, थांब, शिरतोय."

१४ मार्च, शुक्रवार

आठ फेब्रुवारीपासूनची पानं वाचली. मग मागची. मग पाच जानेवारीपासून सगळी.

नकाशा दारामागून काढून पटाशेजारी ठेवला. लाल गोलांचे बत्तीस दाणे. कोपऱ्यापासून सुरुवात, मग बाजू, मग मध्य. इतक्या शांतपणे मला मधुनेही कधी वेढलं नाही. आणि मी म्हणत होतो, लोणंदला रेंज नाही.

मला भीती वाटतेय. ती आली नाही तर काय, हा प्रश्न मला आज अडुसष्ट दिवस उशिराने पडला. कोंडीबाला विचारलं, आता काय करू? तो म्हणाला, "मला मेंढरातलं कळतंय, सायेब."

मग जाताना वळून म्हणाला, "पळालेल्या मेंढीमागं वरडत पळू नगासा. आनखी लांब जाती."

१६ मार्च, रविवार. लोणंद

एसटीने मिरज, मिरजेहून रेल्वे. पट पिशवीत, बेदाणे डब्यात. तिकीट साताऱ्याचंच काढलं होतं. वाटेत वहीत आराखडा काढत होतो, मधुच्या कोणत्या कोपऱ्यात शिरायचं त्याचा. कराड गेलं तेव्हा लक्षात आलं की मी कोपऱ्यात ओटा काढलाय आणि त्यावर कुकर.

साताऱ्याला गाडी थांबली. मधुचा फोन. "उतरलास का?"

"नाही."

"अरे, सुटेल गाडी!"

"सुटू दे. मधु, दीड फूट तुझा."

"काय?"

"माझंच चुकलं. लिहून पाठवतो."

सत्तावीस वर्षं ज्या वाक्यासाठी तडफडला ते फुकट मिळालं, तर आवाजात आनंद असावा की नाही? "अवधूत," म्हणाला, "साखर तपासलीस का?"

पुढे टीसी आला. साताऱ्याच्या तिकिटावर लोणंदला निघालो म्हणून दंड भरला. पस्तीस वर्षं लोकांना हद्दीबाहेर गेल्याबद्दल बोलत आलो होतो.

ऋचाच्या दारात एक निळी स्कूटी उभी होती आणि तिच्या शेजारी हेल्मेट घातलेली माया. मी आधी ओळखलंच नाही. ती शिकतेय, म्हणाली. पाय अजून टेकावे लागतात. आत गेलो. एका खिडकीशी मशीन, त्यावर कुणाचं तरी पोलकं अर्धं शिवलेलं. दुसऱ्या खिडकीशी स्टीलचे जेवणाचे डबे, बारा, कारखान्यातल्या मुलींचे. फळीवर आमचे बत्तीस डबे, वाटेल तसे लावलेले, माझ्या चिठ्ठ्या खरवडून काढलेल्या. रव्याच्या डब्यावर फक्त 'र' शिल्लक होता.

मला पटाची भाषा आली आहे, त्यामुळे दारातच समजलं. या गटाला दोन डोळे आहेत. याला आता कुणी मारू शकत नाही. आणि मी एकटी सोंगटी, पिशवी घेऊन उंबऱ्यात.

गाडीत पाठ केलेलं सगळं विसरलो. म्हटलं, "हळद सतराला ठेवायला नको होती."

"हळदीचं काय घेऊन बसलात," माया म्हणाली. हेल्मेट अजून डोक्यावरच. "चौतीस वर्षं तुमच्या बदल्यांबरोबर सात स्वयंपाकघरं लावली मी. तुम्ही एका दुपारी येऊन टेप लावलात. लगतधारकाला नोटीस दिली होती का?"

कुठलीही मोजणी करायची तर शेजारच्या खातेदारांना, म्हणजे लगतधारकांना, पंधरा दिवस आधी नोटीस द्यावी लागते. नाहीतर मोजणी रद्द. माझ्या नोकरीतली ही पहिली ओळ. या एका चुकीसाठी मी कनिष्ठांना घाम फोडलेला आहे.

"नाही दिली," मी म्हटलं.

"मग?"

"मोजणी रद्द."

मग तिने हेल्मेट काढलं आणि जेवायला वाढलं. वांग्याची भाजी होती. इतकं चांगलं मी दोन महिन्यांत काही खाल्लं नव्हतं, आणि मधल्या काळात काय खाल्लं ते वर लिहिलेलंच आहे. ऋचा पोळी वाढताना सारखी खाली बघून हसत होती. मी विचारलं, "माया, येशील का?" तिने ऋचाच्या वहीचं पान फाडलं आणि बसून लिहायला घेतलं. माझं अक्षर वाईट म्हणून पहिली दहा वर्षं माझ्या सगळ्या नोटिसा तीच लिहून द्यायची, त्यामुळे नमुना तोंडपाठ. इथं चिकटवतो:

"अर्जदार: माया. लगतधारक: अवधूत. विषय: स्वयंपाकघराची हद्द कायम करणे. आपणांस कळविण्यात येते की, वरील मोजणी दिनांक ३१ मार्च रोजी सकाळी साडेदहा वाजता मु. कवठे महांकाळ येथे करण्यात येईल. आपण जागेवर हजर राहावे. गैरहजर राहिल्यास मोजणी आपल्या अनुपस्थितीत पूर्ण करण्यात येईल व मागाहून तक्रार ऐकली जाणार नाही."

मी पोच म्हणून सही केली. सही रकान्याबाहेर गेली, साखरेमुळे.

२२ मार्च, शनिवार

उरलेल्या नऊ डब्यांच्या चिठ्ठ्या गरम पाण्याने काढल्या. पडवी दोनदा धुतली. कोंडीबा म्हणाला, "लेंड्या टाकू नगासा, झाडाला घाला." घातल्या.

मधुला कबुली पाठवली. त्याने ती चौकटीत लावून फोटो पाठवला. चौकट मला जरा वाकडी वाटली, बोललो नाही.

३० मार्च, रविवार. पाडवा

गुढी एकट्याने उभारली. तासाभराने बघतो तर कडुलिंब, हार, सगळं खाली, आणि एक मेंढी गाठीची शेवटची कडी चघळत होती. कोंडीबा माफी मागायला लागला. मी म्हटलं, असू दे, आत शिरायच्या आधी बसायला जागा बघितली होती तिने.

उद्या साडेदहा.

३१ मार्च, सोमवार

मी सातलाच तयार होतो. मायाने दहा-पंचविसाला फाटक उघडलं, बरोबर ऋचा. पंच म्हणून कोंडीबा आणि धोंडुबाई. कोंडीबाने नवी टोपी घातली होती.

मोजणी मायाने केली. टेप मी दिला आणि दुसरं टोक धरलं, "ताणून धरा," "सैल सोडा," असं ती सांगेल तसं. उभ्या नोकरीत मी टेपाचं ते टोक कधी धरलं नव्हतं. फडताळ तिचं. फळ्या तिच्या. क्रम तिचा, म्हणजे क्रम नाही. सोमवार ते गुरुवार ती लोणंदला, डबे चालूच राहणार. शुक्रवार ते रविवार इथं. लगतधारकाला वाटल्यास त्याने सोमवारी बरोबर यावं, डबे पोचवायला माणूस लागतो, मात्र डब्यांना क्रमांक घालू नयेत. आणि पट तीही शिकणार आहे. ऋचाकडून नियम आधीच शिकून आली आहे, हे मला आज कळलं.

"तुमी बी कायतरी मागा की," धोंडुबाई मला म्हणाली.

मी म्हटलं, चहा मला स्वतःला करता यायला हवा. एवढीच जागा.

मायाने ओट्याच्या खिडकीकडच्या टोकाला टेप लावला, खडूने रेघ मारली. "दीड फूट," म्हणाली. कोंडीबाने रेघेकडे बघून मान हलवली. "बसाय जागा हाय, सायेब. एकांद्या मेंढराला."

मग कागदावर पंचांचे अंगठे झाले आणि तो माझ्यापुढे आला. माया कढीपत्त्याची कुंडी खिडकीत परत ठेवत होती, पाठमोरी. तेवढ्यात मी खिशातला दुसरा टेप काढून चटकन रेघेपर्यंत लावून पाहिला. एक फूट साडेपाच इंच. अर्धा इंच कमी.

कागदावर शेवटचा रकाना होता, 'लगतधारकाची तक्रार असल्यास'. मी लिहिलं, "तक्रार नाही," आणि सही केली.